भुकूममध्ये धंदा करायचाय? आधी रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक मोजा

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की आधी बावधन, मग भूगाव आणि मग भुकूम. पुढे पिरंगुट, पौड, मुळशी धरण आणि ताम्हिणी. या पट्ट्यातल्या घरांमध्ये बारावीचा निकाल लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'नोकरी कुणाची करायची? आपला स्वतःचा धंदा टाकू.' वाक्य चुकीचं नाही. अडचण पुढे येते. कोणता धंदा, कुणाला विकायचं, किती पैसा लागेल आणि तो नाही चालला तर काय, या चार प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा धंदा सुरू झाल्यावर शोधली जातात.

मुळशी तालुक्यात हा प्रश्न जरा जास्तच नाजूक आहे. इथे भांडवल अनेकदा जमिनीतून आलेलं असतं. प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा २०१८ मध्ये आला आणि जमीन विकून आलेला पैसा कसा संपतो, त्यानंतर पोरांचं काय होतं, हे सगळ्या महाराष्ट्राने पडद्यावर पाहिलं. सिनेमातली गुन्हेगारी बाजूला ठेवू. सगळ्यांच्या वाट्याला ती येत नाही. पण पैसा संपण्याची गोष्ट बऱ्याच घरांत कमी आवाजात घडते. एखादा डंपर हप्त्यावर घेतलेला असतो, एखादं हॉटेल दोन पावसाळ्यांत बंद पडतं, एखादं दुकान भाडंही काढत नाही.

म्हणून हा लेख 'यशस्वी उद्योजक कसे व्हाल' या प्रकारातला नाही. भुकूमसारख्या गावातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला व्यवसायात करिअर करायचं असेल, तर आधी काय तपासावं, एवढंच इथे पाहू.

बीबीए केलं की धंदा येतो का?

सुरुवात शिक्षणापासून करू, कारण घरात पहिली चर्चा त्याचीच होते. एआयसीटीईने २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. त्यामुळे महाराष्ट्रात या प्रवेशांसाठी सीईटी बंधनकारक झाली. पहिली परीक्षा २९ मे २०२४ रोजी झाली. राज्यात जागा एक लाखाहून जास्त आणि परीक्षा देणारे विद्यार्थी पन्नास हजारांच्या आत, असं चित्र दिसल्यावर सीईटी सेलला त्याच वर्षी पुन्हा एक अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नाव बदलून बीकॉमच्या छत्राखाली तोच विषय शिकवायला घेतला.

याचा अर्थ तुमच्यासाठी काय? व्यवस्थापनाच्या पदवीला प्रवेश मिळणं अवघड राहिलेलं नाही, त्यामुळे नुसत्या प्रवेशाला फारसं वजनही उरलेलं नाही. कॉलेज कोणतं, तिथे इंटर्नशिप खरी होते की फक्त प्रमाणपत्र मिळतं, हे पाहणं महत्त्वाचं. भुकूमच्या शेजारच्या लवळ्यात सिम्बायोसिस आणि फ्लेम यांसारख्या विद्यापीठांचे परिसर आहेत. देशभरातून मुलं तिथे मॅनेजमेंट शिकायला येतात आणि त्यांची फी लाखांत असते. ती फी भरायला एखादा गुंठा विकायचा विचार कुणी करत असेल, तर एक साधा हिशोब करावा. त्याच रकमेत बीकॉम, सोबत अकाउंटिंगचं काम आणि दोन वर्षं एखाद्या चालत्या धंद्यात नोकरी, एवढं सगळं होऊन काही रक्कम शिल्लक राहू शकते. पदवी वाईट नाही. पण ज्याला गावातच राहून धंदा करायचाय, त्याला त्या पदवीचा सगळ्यात मोठा फायदा, म्हणजे कॅम्पस प्लेसमेंट, वापरायचाच नसतो. मग तो पैसा नेमका कशासाठी मोजायचा?

आकडे काय सांगतात?

'दहातले नऊ धंदे पहिल्या वर्षात बुडतात' असं रीलमध्ये सांगितलं जातं. ते खरं नाही. अमेरिकेत याची आकडेवारी नीट ठेवली जाते. तिथे नव्या धंद्यांपैकी साधारण २० टक्के पहिल्या वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. म्हणजे परिस्थिती रीलइतकी भीषण नाही, पण निम्मे हा आकडाही लहान नाही.

भारतात जास्त बोलका आकडा वेगळा आहे. केंद्र सरकारच्या असंघटित उद्योगांच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार देशात असे ७ कोटी ३४ लाख उद्योग आहेत. त्यात बारा कोटींहून जास्त लोक काम करतात. यातले बहुसंख्य उद्योग पगारी माणूस न ठेवता मालक आणि घरचे लोक मिळून चालवतात. या क्षेत्रात एका काम करणाऱ्यामागे वर्षाला होणारं मूल्यवर्धन साधारण दीड लाख रुपये होतं. म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. ही सरासरी आहे, काही जण याच्या दहापट कमावतात. पण 'स्वतःचा धंदा' हा शब्द उच्चारताना डोळ्यासमोर शोरूम येतं, तेव्हा हा साडेबारा हजारांचा आकडाही शेजारी ठेवलेला बरा. पिरंगुटच्या कारखान्यातला पगार नाकारताना तुलना याच्याशी होते, शोरूमशी होत नाही.

एका नाश्त्याच्या हॉटेलचा हिशोब

पौड रस्त्यावर सगळ्यात जास्त सुचणारा धंदा म्हणजे हॉटेल. तर त्याचाच हिशोब मांडू. खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, तुमच्या गाळ्याचे घालून पाहा.

समजा, गाळ्याचं भाडं २५ हजार. दोन कामगार मिळून ३२ हजार. वीज, पाणी, गॅस ८ हजार. पाच लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण १० हजार ९००. आणि मालकाचा स्वतःचा पगार २० हजार. हा शेवटचा आकडा लोक धरतच नाहीत, म्हणून धंदा 'नफ्यात' दिसतो आणि घर उधारीवर चालतं. एकूण झाले ९५ हजार ९००.

आता एका गिऱ्हाइकाचं सरासरी बिल ९० रुपये धरा. त्यात कच्चा माल ४० रुपयांचा. म्हणजे हाती उरले ५०. महिन्याचा खर्च भागायला १ हजार ९१८ बिलं व्हायला हवीत. महिन्यात २६ दिवस हॉटेल उघडं असेल, तर रोज ७४. शनिवार-रविवारी १५० होतील हो. प्रश्न जुलैतल्या मंगळवारचा आहे.

'गाळा आपलाच आहे, भाडं नाही' असं कुणी म्हणेल. मग रोजची बिलं ५५ वर येतात. पण तो गाळा दुसऱ्याला दिला असता तर २५ हजार घरबसल्या आले असते, हे विसरून चालणार नाही. हॉटेल त्या २५ हजारांपेक्षा जास्त देतंय का, हा खरा प्रश्न. आणि ऑर्डर अॅपवरून आली, अॅपने बिलाचा पाचवा हिस्सा कमिशन म्हणून घेतला असं धरलं, तर त्या प्लेटमागे ५० ऐवजी ३२ रुपयेच उरतात. डबा आणि पिशवीचा खर्च वेगळा.

हा हिशोब करायला एमबीए लागत नाही. वहीचं एक पान आणि दोन आठवडे लागतात. दोन आठवडे अशासाठी की रोज ७४ गिऱ्हाइकं मिळतील का, हे घरी बसून कळत नाही. जिथे गाळा घ्यायचाय त्याच्या समोरच्या चालू हॉटेलजवळ सकाळी सात ते अकरा उभं राहायचं आणि मोजायचं. वारानुसार वेगळं मोजायचं. थांबणाऱ्या गाड्या कुठल्या दिशेच्या आहेत तेही लिहायचं, कारण सकाळी पुण्याकडे जाणारा माणूस घाईत असतो आणि रस्ता ओलांडून नाश्त्याला येत नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला. अशा प्रत्येक बदलानंतर गाड्या कुठे अडतात आणि कुठे सुसाट जातात, हे बदलतं. तीन वर्षांपूर्वी काकांनी सांगितलेली 'इथं लई गर्दी असते' ही माहिती आज जुनी झालेली असू शकते.

मोजताना हंगामही धरा. पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाणारी गर्दी डोळ्यांत भरते, पण ती मोजक्या आठवड्यांची आणि मुख्यतः शनिवार-रविवारची. लग्नाच्या कार्यालयांचं काम मुहूर्तांवर चालतं. या दोन्हींवर उभा असलेला धंदा वर्षातले काही महिने उपाशी असतो. त्याची सोय आधी करावी लागते. उलट भुकूम-भूगावच्या सोसायट्यांमध्ये राहणारा माणूस बाराही महिने इथेच असतो. त्याला पोळी-भाजीचा डबा लागतो, प्लंबर लागतो, गाडी धुवून लागते, आजीला दवाखान्यात नेणारं कुणी लागतं. ही कामं फलकावर छान दिसत नाहीत, म्हणून तिकडे कमी मुलं वळतात. माझ्या मते या पट्ट्यात सगळ्यात कमी लेखलेला बाजार हाच आहे.

पिरंगुटच्या कंपन्यांना माल पुरवला तर?

दुसरा पर्याय कारखान्यांचा. पिरंगुट, उरवडे परिसरात लहान-मोठे कारखाने आहेत, दुसऱ्या बाजूला त्याच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे. सुटे भाग, पॅकिंग, कॅन्टीन, बस, सफाई, सुरक्षा रक्षक अशी कितीतरी कामं या कंपन्या बाहेरून करून घेतात.

इथे अडचण गिऱ्हाईक मिळण्याची जितकी, तितकीच पैसे वेळेवर मिळण्याची. समजा तुम्ही महिन्याला तीन लाखांचे सुटे भाग पुरवता आणि कंपनी तीन महिन्यांनी पैसे देते. म्हणजे कायम नऊ लाख रुपये बाहेर अडकलेले. वर १८ टक्के जीएसटी धरला, तर महिन्याला ५४ हजारांचा कर लागतो. कच्च्या मालावरचं क्रेडिट वजा करून उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या साधारण २० तारखेपर्यंत भरावी लागते. कंपनीने तुमचं बिल दिलं की नाही, याच्याशी सरकारला देणंघेणं नसतं. कागदावर नफ्यात असलेले छोटे कारखानदार बंद पडतात ते असे.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यातही तरतूद आणली, की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदार कंपनीला त्या वर्षी तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण ज्याचा गिऱ्हाईक एकच आहे, तो त्याच गिऱ्हाइकाची तक्रार करत नाही. म्हणून इथे नियोजन म्हणजे दुसरा आणि तिसरा गिऱ्हाईक शोधणं. कायदा त्यानंतर उपयोगी पडतो.

एकाच गोष्टीवर सगळं टांगून ठेवलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण तालुक्यातच आहे. लवासाकडे जाणारा रस्ता पिरंगुटवरून फुटतो. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तिथलं काम थांबवलं आणि २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा प्रकल्पाच्या भरवशावर जो जेसीबी, टँकर किंवा खोल्या बांधून ठेवतो, त्याचं नशीब दिल्लीतल्या एका आदेशाला बांधलेलं असतं.

आधी नोकरी, मग धंदा: हे मागे पडणं आहे का?

गावात असं समजलं जातं खरं. बीव्हीजीचे हणमंतराव गायकवाड यांचं उदाहरण पाहा. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचा हा मुलगा इंजिनीअर होऊन पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये लागला. १९९७ च्या सुमाराला इंडिका गाडीचा प्लँट उभा राहत होता. तिथल्या सफाईच्या कामासाठी माणसं पुरवण्यापासून त्यांच्या व्यवसायाची सुरुवात झाली. कंपनीला नेमकं काय लागतं, निर्णय कोण घेतं, बिल कुठे अडतं, हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं. बाहेरून येणाऱ्याला तेच कळायला दोन वर्षं आणि काही लाख रुपये लागतात.

हीच गोष्ट लहान प्रमाणात करता येते. हॉटेल काढायचंय तर सहा महिने दुसऱ्याच्या हॉटेलात, तेही गल्ल्यावर नाही तर खरेदीच्या कामात. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार विद्यावेतन ठरवण्यात आलं. ही रक्कम पगार म्हणून तुटपुंजी आहे. पण धंदा आतून पाहायला मिळतोय आणि वर कुणीतरी पैसे देतंय, असा विचार केला तर वाईट नाही. तुमच्या भागात जागा आहेत का, ते पोर्टलवर पाहावं लागेल.

कर्ज, अनुदान आणि काही किलोमीटरचा फरक

सरकारी योजनांबद्दल गावात सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे 'पस्तीस टक्के माफ होतात'. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी घ्या. त्यात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. खुल्या प्रवर्गाला ग्रामीण भागात २५ टक्के आणि शहरी भागात १५ टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, माजी सैनिक, दिव्यांग यांना ग्रामीण भागात ३५ आणि शहरात २५ टक्के.

आता गंमत पाहा. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं, भुकूम ग्रामपंचायतीतच राहिलं. आठ लाखांचा प्रकल्प खुल्या प्रवर्गातल्या मुलाने भुकूममध्ये टाकला, तर अनुदान २ लाख. तोच बावधनात टाकला, तर १ लाख २० हजार. जागा ठरवताना हे ८० हजार रुपये धरायला हवेत. अर्थात बावधनातलं गिऱ्हाईक त्याहून जास्त मोलाचं असू शकतं.

पण हे २ लाख तुमच्या हातात येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं तुमच्या नावाने अडकवून ठेवलेले असतात. धंदा चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात वळते होतात. मधल्या काळात हप्ते भरावेच लागतात. दोन वर्षांत बंद पडला तर अनुदान गेलं आणि कर्ज राहिलं. आणखी दोन अटी लक्षात ठेवा. चालू धंद्याला ही योजना लागू नाही, प्रकल्प नवा लागतो, आणि जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही.

मुद्रा कर्ज याहून सोपं. ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. त्यात अनुदान नाही. मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तिच्यातही नियम असा की हप्ता आधी तुम्ही भरायचा, त्यातल्या व्याजाचे पैसे नंतर मिळतात. हप्ता थकला की परतावाही थांबतो. म्हणजे पहिल्या महिन्यापासून हप्त्याची ऐपत हवीच.

माहितीसाठी शिवाजीनगरला जिल्हा उद्योग केंद्र आहे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची, म्हणजे एमसीईडीची प्रशिक्षणंही होतात. एजंटाने 'फाइल करून देतो' म्हटलं तरी एक फेरी स्वतः मारा. उद्यम नोंदणी तर पूर्ण मोफत आहे आणि ऑनलाइन होते, त्यासाठी पैसे घेणाऱ्या वेबसाइट सरकारी नसतात.

जागा आपली म्हणून बांधकाम चालतं का?

नाही. भुकूम पीएमआरडीएच्या हद्दीत येतं. शेतजमिनीवर पत्र्याची शेड टाकून हॉटेल किंवा गॅरेज सुरू केलं आणि परवानगी नसेल, तर सगळं भांडवल एका नोटिशीवर अवलंबून राहतं. २०२५ मध्ये पीएमआरडीएने पुण्याभोवतीच्या मोठ्या रस्त्यांवरची अतिक्रमणं हटवण्याची मोहीम घेतली, तेव्हा रस्त्याकडेच्या अनेकांना हे कळलं. भाड्याने घेत असाल, तरी मालकाकडे बांधकाम परवानगीची प्रत आधी मागा. मिळाली नाही तर अनामत रक्कम देऊ नका.

आणि राहिलेली जमीन?

याबाबतीत पुण्यातच वेगळं घडलेलं आहे. हडपसरजवळच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन बिल्डरला विकली नाही. ती एकत्र करून कंपनी काढली आणि स्वतः भागधारक झाले. बांधकामाची छोटी-मोठी कंत्राटं घरातल्या मुलांना मिळाली. भुकूममध्ये हे जसंच्या तसं होणार नाही. जमिनी तुकड्यांत गेलेल्या आहेत आणि सतीश मगर यांच्यासारखा सगळ्यांना धरून ठेवणारा माणूस प्रत्येक गावात नसतो. तरी चार भावकीतल्यांनी मिळून एकच गोदाम बांधून भाड्याने देणं आणि चौघांनी चार हॉटेलं काढणं, यातलं पहिलं कमी जोखमीचं आहे. मुळशीचा आंबेमोहोर भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ आहे. तो पोत्याने विकण्याऐवजी सोसायट्यांमध्ये पाच-पाच किलोने विकायलाही फार मोठं भांडवल लागत नाही. फक्त तो खरोखर आंबेमोहोरच आहे, याची खात्री गिऱ्हाइकाला पटवावी लागते, कारण त्या नावाखाली बाजारात बरंच काही विकलं जातं.

राहता राहिला तारणाचा प्रश्न. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना आदेश आहे. त्यासाठी पत हमीची सरकारी योजनाही आहे. तरीही शाखेत गेल्यावर पहिल्यांदा सातबारा मागितला जातो आणि घरचे तो काढूनही देतात. तेव्हा शांतपणे विचारा, कर्ज मुद्रात बसतंय का, हमी योजनेत बसतंय का, आणि बसत नसेल तर नकार लेखी द्याल का? लेखी मागितल्यावर कधी कधी उत्तर बदलतं. नाहीच बदललं, तर दुसऱ्या बँकेत जा. उरलेले गुंठे गहाण टाकायचा निर्णय मात्र एकट्याने घेऊ नका. सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना, आईला आणि बहिणीलासुद्धा, ७४ गिऱ्हाइकांचा तो हिशोब दाखवा आणि मगच सही करा.